कॅम्परव्हॅननं किन्नौर-स्पिती: शिमल्याहून मनालीपर्यंत, सावकाश

शिमल्याहून सतलजच्या काठाकाठानं किन्नौर, तिथून स्पिती, मग कुंझुम खिंड ओलांडून मनाली. हा वळसा मोटारसायकलवाले आठ-नऊ दिवसांत उरकतात. कॅम्परव्हॅन घेऊन निघालेल्यानं तो हिशोब विसरावा. अडीच ते तीन आठवडे हातात असतील तरच हा रस्ता घ्या. कमी असतील तर सांगला खोरं आणि कल्पा करून परत फिरा, तेही काही कमी नाही. आणि वरंधा किंवा आंबेनळी घाटात गाडी चालवलीय, मग इथे काय मोठं, असं समजू नका. आपला घाट तासाभरात संपतो. इथला घाट सकाळी सुरू होतो आणि पुढचे कितीतरी दिवस चालूच राहतो.

१. आधी दिशा ठरवा, मग महिना

चढायचं ते शिमल्याकडूनच. कारण एकच, उंची. नारकंडा सुमारे २,७०० मीटर, सांगला जवळपास तेवढंच, कल्पा २,९५० च्या आसपास, नाको आणि काझा साडेतीन हजारांच्या वर. शरीराला पायरीपायरीनं वर जायला मिळतं. मनालीकडून शिरलात तर दोन हजार मीटरवरून एकाच दिवसात चार हजारांच्या वर पोचता, आणि बरेच जण नेमके त्याच रात्री चंद्रताल तळ्यापाशी मुक्काम टाकतात. तिथे त्रास सुरू झाला तर उतरायचं कुठे? एका बाजूला साडेचार हजार मीटरची कुंझुम खिंड, दुसऱ्या बाजूला दगडधोंड्यांचा ५० किलोमीटरचा रस्ता, तोही अंधारात.

महिन्याचं गणित थोडं गुंतागुंतीचं आहे. कुंझुम साधारण मेअखेर ते जूनमध्ये उघडते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात बर्फानं बंद होते. स्पिती पर्जन्यछायेत आहे, म्हणून जुलै-ऑगस्टला चालेल असं लोक सांगतात. स्पितीपुरतं ते बरोबर आहे, पण तिथे पोचायचा रस्ता किन्नौरातून जातो आणि पावसात किन्नौरचे डोंगर सुटतात. जुलै २०२१ मध्ये सांगला खोऱ्यात बटसेरीजवळ वरून आलेल्या दगडांनी ९ पर्यटकांचा जीव घेतला. पुढच्याच महिन्यात निगुलसरीला दरडीखाली बस आणि इतर गाड्या सापडल्या, २८ जण गेले. पावसाळा या रस्त्यासाठी नाहीच, यावर माझ्याकडून वाद नाही.

सगळ्यात चांगला काळ सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. आकाश स्वच्छ, नाल्यांना पाणी कमी. एक अडचण मात्र धरून चला: हा सफरचंदांचा हंगाम. नारकंडा, ठियोग, फागू या पट्ट्यात भरलेल्या ट्रकांच्या रांगा लागतात. शिमला पहाटे सोडलंत तर यातून सुटाल.

२. गाडी कशी असावी

लहान. शक्य तितकी लहान. आत उभं राहता येणं, शॉवर, चार जणांची झोपायची सोय हे सगळं महामार्गावर छान. इथे साडेपाच मीटरच्या आतली, कमी रुंदीची व्हॅन हवी. "एचआरटीसीची (हिमाचलची एसटी) बस जाते, मग आपली का नाही जाणार?" हा युक्तिवाद प्रत्येक जण करतो. त्या बसच्या चालकाला प्रत्येक वळण पाठ असतं आणि समोरचा त्याला बघून आपणहून मागे जातो. तुम्हाला बघून कोणी मागे जाणार नाही.

लांबीपेक्षाही मागच्या चाकांच्या मागे गाडी किती बाहेर आलीय ते बघा. नाल्यात उतरून वर चढताना तोच भाग घासतो, आणि बहुतेक व्हॅनमध्ये सांडपाण्याची टाकी किंवा तिचा नळ नेमका तिथेच खाली लोंबत असतो. निघण्याआधी गाडीखाली वाकून बघा आणि सगळ्यात खाली काय आहे ते लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट छपराजवळ बाहेर आलेल्या वस्तूंची. निगुलसरीच्या परिसरात तारंडा ढांकला रस्ता सरळ कड्यात कोरलेला आहे आणि कातळ डोक्यावर छज्जासारखा आलाय. ट्रक-बस जातात, त्यामुळे उंचीची भीती नाही. पण समोरून बस आली की आपण डोंगराकडे सरकतो, आणि मग बाजूला गुंडाळलेला ताडपत्रीचा मांडव किंवा सायकलचा स्टँड कातळाला लागतो. तो मांडव घरीच काढून ठेवा. स्पितीत दुपारनंतर इतका वारा सुटतो की तो उघडायची वेळ येतच नाही.

भाड्यानं घेत असाल तर नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी आहेत का ते पाहा. स्वतः चालवायला भाड्यानं देण्याचा परवाना असलेल्या गाडीची ती खूण. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्तात मिळते, पण अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. करारात "किन्नौर व स्पितीला नेण्यास परवानगी" असं स्पष्ट लिहून घ्या, आणि गाडी बंद पडली तर टोचन कोण लावणार, खर्च कोणाचा, हेही. फोनवर "हो हो, सगळीकडे जाते" म्हणणाऱ्यांचा सूर काझ्याहून फोन केल्यावर बदलतो.

स्वतःची व्हॅन घरी बदलून घेतली असेल तर तो बदल आरसीवर नोंदलेला हवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे.

३. कागदपत्रं

- ड्रायव्हिंग लायसन्स. हलक्या मोटार वाहनाचं पुरतं. या व्हॅन ७,५०० किलोच्या मर्यादेच्या खूप आत असतात.
- आरसी, विमा, पीयूसी. भाड्याची असेल तर परमिट, फिटनेस आणि करार.
- प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र. सुमदो (किन्नौर-स्पितीच्या सीमेवर) आणि लोसर (कुंझुमच्या आधीचं गाव) इथे पोलीस चौकीत नोंद करावी लागते, नेटवर्क नसल्यानं फोनमधलं कागद उघडेलच असं नाही.
- सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स.

भारतीयांना या रस्त्यावर इनर लाइन परमिट (सीमेलगतच्या भागात शिरायचा परवाना) लागत नाही. पण परदेशी पासपोर्टवाल्यांना लागतं, आणि इथे आपली माणसं फसतात: अमेरिकेहून आलेल्या भाचीकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं तरी ती या बाबतीत परदेशीच. तिचं परमिट रिकाँग पिओत (किन्नौरचं मुख्यालय, पुढे नुसतं पिओ) काढून मगच पुढे निघा.

अटल बोगद्याला परवाना लागत नाही. मनालीहून खुद्द रोहतांग खिंडीवर जायचं असेल तर लागतो.

४. गाडीत काय हवं

सामानाची लांबलचक यादी देत नाही, कारण खरी अडचण उलटी असते: वजन जास्त होतं. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. चढावर टाकी अर्धीच ठेवा, पाणी गावोगाव मिळतं.

स्टेपनी चांगल्या अवस्थेत, हवा भरायचा छोटा पंप, टोचनाचा दोर, चाकाखाली लावायचे लाकडी ठोकळे, फावडं, हेडलॅम्प. बीएस-६ डिझेल असेल तर डीईएफचा (धूर स्वच्छ करणारं युरियाचं द्रावण) एक कॅन. प्रेशर कुकर तर हवाच. काझ्याच्या उंचीवर पाणी सुमारे ८७-८८ अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात डाळ तासभर ठेवली तरी दाताखाली येते. वर चढताना हवाबंद पुडे टम्म फुगतात, तेलाच्या बाटलीचं झाकण मधूनमधून सैल करून हवा सोडा, नाहीतर कपाटभर तेल होईल.

गॅसबद्दल दोन गोष्टी. गाडी चालू असताना सिलिंडरची चावी बंद, नेहमी. आणि थंडी वाजते म्हणून बंद व्हॅनमध्ये शेगडी पेटवून झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. त्याचा अलार्म बाजारात मिळतो, तो बसवा. उबेसाठी जाड रजई आणि गरम पाण्याची पिशवी.

लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज करू नये, म्हणून ती आतल्या बाजूला असेल तर उत्तम. सोलर इथे झकास चालतं.

५. रोजचा नियम: दुपारी दोनला गाडी उभी

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. सकाळी सहा-साडेसहाला निघा, दोनच्या आत मुक्कामी पोचा.

का? ऊन चढलं की वरचं बर्फ वितळतं आणि सकाळी घोट्याएवढा असलेला नाला दुपारी गुडघ्याला लागतो. वारा सुटतो, त्यानं कड्यावरचे सुटे दगड खाली येतात. आणि रस्ता बंद झालाच तर हातात उजेडाचे चार तास शिल्लक असतात. संध्याकाळी सहाला दरडीपाशी अडकलेल्याला तिथेच कड्याखाली रात्र काढावी लागते.

अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका. किन्नौरात तासाला २० ते २५, कुंझुमनंतर तासाला १० ते १२ किलोमीटर एवढंच धरा. नकाशावरचं ॲप जो वेळ दाखवतं तो इथे कामाचा नाही.

रस्ता उघडा आहे का, हे विचारायला सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे रिकाँग पिओ किंवा काझाचा बसस्टँड. समोरून बस आली असेल तर रस्ता चालू. आली नसेल तर चहा घ्या.

६. टप्पे

*शिमला ते सराहन.* नारकंड्याला पहिला मुक्काम. तिथून रस्ता झपाट्यानं उतरतो आणि रामपूरला तुम्ही हजार मीटरवर, उकाड्यात येता. या उतारावर व्हॅनचे ब्रेक तापतात. चढताना जो गियर लागला असता तोच उतरताना. ब्रेक दाबून धरायचा नाही, दाबायचा आणि सोडायचा. जळका वास आला तर जागा बघून अर्धा तास थांबा, चाकावर पाणी ओतू नका. रामपूरला एटीएम, पंप, मोठा बाजार. ज्यूरीहून १७ किलोमीटर वर सराहन, भीमाकालीचं लाकूड-दगडाचं देऊळ.

*सांगला खोरं.* करछमला बास्पा सतलजला मिळते, तिथून उजवीकडे. सुरुवातीचा रस्ता अरुंद आणि दरी खोल. मोठी वाहनं सकाळी कमी असतात. छितकुल सुमारे ३,४५० मीटरवर आहे. इथे दोन रात्री काढल्या तर पुढच्या उंचीची निम्मी तयारी झाली. माझ्या मते या साऱ्या वळशातली व्हॅनसाठी सर्वात रमण्यासारखी जागा हीच. फक्त गाडी नदीच्या गोट्यांत नेऊ नका आणि सुट्या दगडांच्या उताराखाली तर नाहीच. जमिनीवर ताजे, धारदार कडांचे दगड पडलेले दिसले तर ती जागा सोडा. शेवाळ चढलेले, अर्धे मातीत रुतलेले असतील तर वरून बऱ्याच काळात काही आलेलं नाही.

*कल्पा.* पिओच्या बाजारात व्हॅन उभी करायला जागा मिळत नाही, त्यामुळे काम असेल तर गाडी आधीच लांब लावून चालत जा. पोवारीच्या पंपावर टाकी काठोकाठ भरा. पुढचा पंप थेट काझ्याला असं धरून चला, आणि टँकर आला नसेल तर तिथेही थांबावं लागतं. कल्प्याहून किन्नर कैलास समोरच दिसतो, पहाटे पडदा सरकवला की झालं.

*नाको ते ताबो.* खाबला स्पिती नदी सतलजला मिळते आणि झाडी संपते. पुढे 'का' गावाजवळची वळणं एकावर एक चढत जातात. पहिला-दुसरा गियर, अर्धा क्लच अजिबात नाही. क्लचप्लेट इथे जळली तर मेकॅनिक पिओचा. छितकुल वगळून आला असाल तर नाकोला झोपू नका, तळं बघा आणि चांगोपर्यंत खाली उतरा. नाकोच्या पुढचा मलिंग नाला सकाळीच ओलांडायचा, मध्ये फोटोला थांबायचं नाही.

सुमदोनंतर उजवीकडे फाटा ग्यू गावाला जातो, जिथे एका लामाची ममी काचेच्या पेटीत ठेवलीय. ताबो बघायला पूर्ण दिवस द्या. इ. स. ९९६ ची मातीची गोंपा (बौद्ध मठ), बाहेरून काहीच भपका नाही, आत भिंतीभर चित्रं. आत फोटो काढायला मनाई आहे. ताबो काझ्यापेक्षा खाली आहे, त्यामुळे झोपही बरी लागते.

*काझा.* तीन-चार दिवस ठेवा. पंप, एटीएम, दवाखाना सगळं आहे, तरी रोख रक्कम पिओहूनच आणा, यूपीआय नेटवर्कवर अवलंबून. लांगझा, हिक्किम, कोमिक ही गावं एका दिवसात होतात. कोमिक साडेचार हजारांच्या वर आहे. या तिन्हींना व्हॅन काझ्यात ठेवून स्थानिक टॅक्सीनं जा. 'की' नावाची गोंपा आणि २०१७ साली सुरू झालेला चिचमचा पूल यांनाही तेच लागू. पिन खोऱ्यात मात्र व्हॅन जाते, अट्टरगोच्या पुलावरची वजनाची पाटी वाचून.

७. मुक्काम, पाणी आणि संडास

कॅम्परव्हॅनसाठी आखलेली तळं इथे नाहीत, तशी अपेक्षाही ठेवू नका. होमस्टेच्या अंगणात व्हॅन लावायची, रात्रीचं जेवण त्यांच्याकडे घ्यायचं, थोडे पैसे द्यायचे, ही पद्धत सगळ्यांना सोयीची. मोकळं दिसणारं मैदान बहुतेकदा कुणाचं तरी वाटाण्याचं किंवा जवाचं शेत असतं, नुकतंच कापलेलं. विचारल्याशिवाय चाक घालू नका.

पाणी नळावरून किंवा हातपंपावरून, विचारून. शेतात जाणारा पाट, ज्याला तिथे कूल म्हणतात, त्यात भांडी किंवा पाय धुवायचे नाहीत. गावानं पाण्याच्या पाळ्या लावलेल्या असतात, आणि तेच पाणी खाली कुणी तरी पितं.

संडासाची टाकी हा सगळ्यात नाजूक विषय. स्पितीतल्या घरांत कोरडे संडास असतात. खाली साठलेलं खत होऊन शेतात जातं. तुमच्या टाकीतलं निळं रसायन त्यात ओतलंत तर एका घराचं वर्षभराचं खत बिघडलं. म्हणून रसायन वापरूच नका. भुसा घालायचा साधा कोरडा डबा घ्या, तो घरमालक आनंदानं रिकामा करू देतात. रसायनाची टाकी असेलच तर सेप्टिक टँक असलेल्या हॉटेलात, पैसे देऊन. कचरा मनालीपर्यंत गाडीत.

८. उंचीचा त्रास

तीन हजार मीटरनंतर झोपायची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबायचं. डोकं दुखणं, मळमळ, भूक मरणं ही सुरुवात. चढणं थांबवा. आराम करूनही वाढलं, चालताना तोल जायला लागला, बसल्या जागी धाप लागली किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला तर लगेच खाली उतरायचं, सकाळची वाट बघायची नाही. काझ्याहून खाली म्हणजे ताबोच्या दिशेनं. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची की नाही ते निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. पहिले काही दिवस दारू नको. ज्याला त्रास होतोय त्यानं स्टिअरिंग धरायचं नाही, म्हणून चालवणारे दोघं तरी हवेत.

आणीबाणीला ११२, रुग्णवाहिकेला १०८. लोसर सोडल्यावर मात्र अटल बोगद्याजवळच्या कोकसरपर्यंत फोन लागेल अशी आशा नको.

९. कुंझुम ते ग्राम्फू

लोसरला मुक्काम करा, पहाटे निघा. सुमारे २० किलोमीटरवर कुंझुम. ऑक्टोबरात लोसरला रात्री पाणी गोठतं, तेव्हा आदल्या संध्याकाळी पंप, पाइप आणि गीझर रिकामा करून ठेवा.

खिंडीवरून बातलला उतरलात की इथून ग्राम्फूपर्यंत ५० किलोमीटर, आणि यालाच सगळे रस्ता म्हणतात. बीआरओचं (सीमावर्ती रस्ते बांधणारी सरकारी संस्था) रुंदीकरण चालू असतं, त्यामुळे कुठे नवं डांबर, कुठे नुसते दगड. चंद्रतालचा फाटा बातलच्या अलीकडे-पलीकडे विचारत बसू नका. व्हॅन बातलला लावा आणि स्थानिक गाडीनं जाऊन या. तळ्याकाठी मुक्कामाला बंदी आहे, आणि ती पाळा.

नाला आला की गाडी थांबवा, उतरा, पुढची एखादी गाडी कुठून जाते ते बघा. मग पहिला गियर, पाय स्थिर, मध्ये क्लच दाबायचा नाही, गियर बदलायचा नाही. पलीकडे गेल्यावर दोन-तीनदा हलका ब्रेक मारून तो सुकवा. अरुंद जागी समोरासमोर आलात तर नियमानं चढणाऱ्याला वाट द्यायची. उतरणारे तुम्ही असाल तर मागे घ्यायची तयारी तुमची. अशा वेळी सोबत्यानं खाली उतरून मागचं चाक बघत हातानं खुणा करायच्या, आरशावर विसंबायचं नाही.

१०. मनालीत गाडी देताना

कोकसरला थांबून नट, टायरच्या बाजू आणि गाडीखालचं सगळं तपासा. मग अटल बोगदा, ९.०२ किलोमीटर. आत थांबायला आणि ओव्हरटेक करायला मनाई आहे.

भाड्याची गाडी धुऊन द्या आणि मालकासमोर खालच्या बाजूचा व्हिडिओ काढा. घेतानाचाही असाच काढलेला असेल तर अनामत रकमेवरून होणारी हुज्जत दोन मिनिटांत संपते.